मोज्यातलं माकड, माकडातली ऊब

जोडीतला एक मोजा हरवला की दुसऱ्याचं काय करायचं, हा प्रश्न प्रत्येक घरात कधी ना कधी पडतो. काहीजण तो कपाटाच्या तळाशी ठेवून देतात, काहीजण सायकल पुसायला घेतात. मी वर्षानुवर्षं बायकांना शिवणकाम शिकवत आले, त्यामुळे माझं उत्तर थोडं वेगळं आहे. मी त्याचं माकड करते, नाहीतर ससा करते. डोक्यात आणि हातापायांत कापूस भरायचा आणि पोटात एक छोटी कप्प्याची जागा ठेवायची. त्या कप्प्यात बसेल एवढी गव्हाची पिशवी वेगळी शिवायची. थंडीच्या दिवसांत ती पिशवी कोमट करून पोटात सरकवली, की झालं उबदार माकड तयार. पोटात कळ आलेलं पोर त्याला कवटाळतं आणि थोड्या वेळानं शांत होतं.

दिसायला ही अगदी किरकोळ वस्तू. पण शिवणीची टाके उसवून पाहायची सवय असलेल्या माणसाला ती किरकोळ वाटत नाही. तिचा एकेक भाग सुटा केला, तर प्रत्येकाला स्वतःचा इतिहास आहे. गव्हाची पिशवी कुठून आली? मोजा कुठून आला? मोज्याला माकडाचं तोंड कुणी दिलं? आणि ती पिशवी चुलीऐवजी एका पेटीत कशी तापायला लागली? या चार प्रश्नांच्या मागे मागे जायचं, एवढाच आजच्या बोलण्याचा हेतू आहे.

सुरुवात उबेपासून करू, कारण ती सगळ्यांत जुनी. आपल्या घरांत उबेचं साधन म्हणजे पुरचुंडी. तव्यावर जाडं मीठ किंवा वाळू तापवायची, जुन्या धोतराच्या तुकड्यात बांधायची आणि दुखऱ्या जागी शेक द्यायचा. छातीत कफ साठला तर ओवा गरम करून त्याची पुरचुंडी. पाठ धरली तर चुलीत तापवलेल्या विटेचा तुकडा फडक्यात गुंडाळून. बाळंतिणीला तर शेक-शेगडी हवीच. हे सगळं कुणी पुस्तकात वाचून करत नव्हतं, पण पुस्तकात ते होतं. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला १४वा अध्याय संपूर्ण शेकावर, म्हणजे स्वेदावर आहे. अग्नीच्या साहाय्यानं द्यायच्या शेकाचे १३ प्रकार त्यात सांगितले आहेत. त्यांतला पहिला, संकरस्वेद, म्हणजे आपली पुरचुंडीच. तीळ, उडीद, कुळीथ अशा धान्यांचे पिंड, तसंच वाळू, दगड यांसारख्या गोष्टी तापवून, कापडात गुंडाळून किंवा न गुंडाळता, अंग शेकायचं. केरळात साठेसाळीच्या भाताच्या पुरचुंड्यांनी अंग शेकण्याची रीत प्रसिद्ध आहे, ती याच घराण्यातली.

युरोपात थंडी आपल्यापेक्षा कितीतरी कडक, त्यामुळे तिथल्या युक्त्याही जास्त. निखारे भरलेलं, लांब दांड्याचं झाकणाचं भांडं रात्री गादीवरून फिरवत. तापवलेल्या विटा आणि दगड फडक्यांत गुंडाळून पायथ्याशी ठेवत. पोरं थंडीत बाहेर निघाली की त्यांच्या खिशात भाजलेला गरम बटाटा असे. हातही शेकले जात आणि नंतर पोटही भरे. स्वित्झर्लंडमधली युक्ती मला सगळ्यांत आवडते. तिथे चेरीपासून किर्श नावाची दारू गाळतात. फळ संपलं की बियांचा ढीग उरतो. भट्टीवर काम करणाऱ्या लोकांनी त्या बिया धुऊन, वाळवून पिशव्यांत भरल्या आणि भट्टीच्याच उबेवर तापवून दुखऱ्या अंगाला लावल्या, अशी हकीकत सांगतात. जर्मन भाषा बोलणाऱ्या मुलुखात चेरीच्या बियांच्या उश्या आजही सर्रास विकत मिळतात.

मीठ, वीट, बटाटा, चेरीच्या बिया. यांत महाग असं काहीच नाही. घरात असलेलं, नाहीतर टाकून द्यायच्या लायकीचं. खरी किंमत होती ती एका गोष्टीला: किती तापवायचं, हे कळण्याला. पुरचुंडी अंगाला लावण्याआधी आजी ती स्वतःच्या मनगटाला लावून पाहायची, हाताच्या पाठीवर टेकवायची. तळहात कामानं निबर झालेला असतो, त्याला चटका लवकर कळत नाही. हाताची पाठ फसवत नाही. हे लक्षात ठेवा, कारण पुढे याची गरज लागणार आहे.

आता प्राण्याकडे वळू. कापडाचा प्राणी शिवून त्याला ऊब देण्याची कल्पना हल्लीची वाटते, पण ती शंभर वर्षांहून जुनी आहे. जर्मनीत गीन्गेन नावाचं एक छोटं गाव आहे. तिथे १८४७ मध्ये मार्गारेटं श्टाइफ हिचा जन्म झाला. दीड वर्षाची असताना तिला पोलिओ झाला. पाय गेले, उजवा हातही दुबळा राहिला. तरीही ती शिवण शिकली आणि शिवणावरच पोट भरू लागली. १८८० च्या सुमारास तिनं फेल्टचा एक छोटा हत्ती शिवला. तो होता सुया-टाचण्या टोचून ठेवायचा. पण घरोघरची मुलं तो हत्ती पळवून खेळू लागली, आणि बाईच्या हाताखालच्या वस्तूचं खेळणं झालं. पुढे तिच्या पुतण्यानं, रिचर्डनं, हातपाय हलवता येणारं मऊ अस्वल तयार केलं. ते १९०३ मध्ये लाइपझिगच्या जत्रेत मांडलं गेलं. साधारण त्याच सुमाराला न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये मॉरिस आणि रोझ मिचटम या दुकानदार जोडप्यानंही अस्वल शिवलं. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी शिकारीत बांधून ठेवलेल्या अस्वलावर गोळी झाडायला नकार दिला, त्यावरून त्याला टेडीचं नाव मिळालं. ही गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते.

ठाऊक नसते ती पुढची. १९०७ मध्ये श्टाइफच्या कारखान्यानं एक वेगळंच अस्वल बाजारात आणलं. त्याचं पोट नाडीनं उघडता येई आणि आत गरम पाण्याचा धातूचा डबा बसे. म्हणजे आज आपण ज्याला उबदार खेळणं म्हणतो, त्याचा पूर्वज तयार झाला होता. पण ते अस्वल चाललं नाही. १९१४ पर्यंत जेमतेम ९० नग बनले आणि प्रकरण संपलं. म्हणूनच आज जुन्या वस्तूंच्या संग्राहकांत त्याला मोठा भाव आहे. ते का चाललं नसावं, याचा मी शिवणारीच्या बाजूनं विचार करते. मुलाला कुशीत घ्यायला हवं मऊ, आणि आत होता कडक डबा. कल्पना बरोबर होती, पोटातला माल चुकीचा होता. चुलीजवळच्या पुरचुंडीतलं धान्य तेव्हा कुणी अस्वलाच्या पोटात घातलं असतं, तर कदाचित गोष्ट वेगळी झाली असती.

शिवाय हे अस्वल विकत घ्यायचं होतं. ज्यांच्याकडे विकत घ्यायला पैसा नव्हता, त्यांच्या घरांतल्या प्राण्याची गोष्ट मोज्यापासून सुरू होते.

मोजा हातानं विणायचा म्हणजे काही दिवसांचं काम. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमजवळ कॅल्व्हर्टन नावाचं खेडं आहे. तिथल्या विल्यम ली यानं १५८९ मध्ये मोजे विणायचं यंत्र तयार केलं. सुयांची एक ओळच्या ओळ एकदम टाके घेई. परंपरेनं सांगतात ती कथा अशी, की राणी एलिझाबेथनं त्याला मक्ता द्यायचं नाकारलं, कारण हातानं विणून पोट भरणाऱ्या गरिबांचं काय होईल, ही तिला काळजी वाटली. ली शेवटी फ्रान्सला गेला. तिथल्या चौथ्या हेन्री राजानं त्याला आश्रय दिला, पण १६१० मध्ये राजाचा खून झाला आणि लीचं नशीब पुन्हा फिरलं. यंत्र मात्र टिकलं. सव्वादोनशे वर्षांनी त्याच नॉटिंगहॅमच्या परिसरात १८११ मध्ये विणकरांनी यंत्रं फोडायला सुरुवात केली. इतिहास त्यांना लडाइट म्हणून ओळखतो. त्यांचा राग सरसकट यंत्रावर होता असं नाही. रुंद विणलेलं कापड कापून, घाईघाईत शिवून, मोजा म्हणून विकला जाऊ लागला होता. असा मोजा पायात लवकर उसवे, बाजारात मोज्याची पत जाई आणि चांगलं विणणाऱ्याची मजुरी पडे. १८१२ मध्ये पार्लमेंटनं यंत्र फोडणाऱ्याला फाशीची तरतूद करणारा कायदा केला. एका मोज्याच्या शिवणीसाठी माणसं जिवावर उदार झाली होती, हे आज सांगूनही खरं वाटत नाही.

मोज्यात सगळ्यांत अवघड भाग म्हणजे टाच. नळी विणणं सोपं. पण पाय घोट्यापाशी काटकोनात वळतो, तिथे विणीला झोळ द्यावा लागतो. हातानं विणणाऱ्या बायका टाके कमी-जास्त करून तो झोळ आणतात. यंत्राला ते शिकवायला बराच काळ गेला. अमेरिकेच्या इलिनॉय राज्यात रॉकफर्ड नावाचं गाव आहे. १८५२ मध्ये तिथे जॉन नेल्सन नावाचा एक स्वीडिश सुतार येऊन स्थायिक झाला. लाकडी सामान करणारा हा माणूस पुढे विणयंत्राच्या मागे लागला. त्याच्या यंत्रांतून शिवण नसलेले जाडसर मोजे निघू लागले, आणि १८८० मध्ये नेल्सन निटिंग कंपनी उभी राहिली. शेतकरी, कामगार यांच्या बुटांत हे मोजे गेले. इतके गेले, की तशा कुठल्याही मोज्याला लोक 'रॉकफर्ड' म्हणू लागले. आपण वनस्पती तुपाला सरसकट डालडा म्हणायचो, तसंच. नकला वाढल्यावर कंपनीनं १९३२ मध्ये आपल्या मोज्याची ओळख पटावी म्हणून टाच लाल केली.

कंपनीच्या मनात फक्त व्यापार होता. पण तो काळ होता महामंदीचा. १९२९ च्या घसरणीनंतर अमेरिकेत लाखो घरांत पगार थांबले होते. मुलांना खेळणं आणायला पैसे नव्हते. घरात होते ते कामाचे, विरलेले, करड्या रंगाचे मोजे. त्यांची लाल टाच एखाद्या बाईनं हातात धरून उलटसुलट पाहिली असेल. झोळ असलेला तो लाल लंबगोल तिला हसरं तोंड दिसला. त्या मोज्याचं माकड झालं.

पहिलं माकड कुणाच्या हातून झालं, हे शोधून हाती काही लागण्यासारखं नाही, आणि तसं ते एकीनंच केलं असेल असंही नाही. आपल्याकडे पहिली गोधडी कुणी शिवली, असं आपण विचारतो का? ज्या ज्या घरात गरज, चिंध्या आणि सुई होती, तिथे तिथे ती शिवली गेली. माकडाचंही तसंच. फरक एवढाच, की माकड पुढे बाजारात आलं, आणि बाजारात नाव लागतं. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला या माकडाच्या पेटंटवरून वाद उभा राहिला. ज्या मोज्यापासून माकड होत होतं त्या कंपनीला त्यात ओढलं गेलं, आणि १९५५ मध्ये पेटंटचा हक्क कंपनीकडे आला. पुढे कंपनीनं लाल टाचेच्या मोज्याबरोबर माकड शिवण्याची कृती छापून द्यायला सुरुवात केली. आधी मोजा विरायचा, मग माकड व्हायचं. आता माकडासाठी कोरा मोजा विकत घेतला जाऊ लागला.

मी या कृतीचा शिवणकामाची शिक्षिका म्हणून विचार करते, तेव्हा तिच्यातल्या काटकसरीचं फार कौतुक वाटतं. मोजे लागतात दोन. पहिल्या मोज्याचा चवडा म्हणजे माकडाचं डोकं, टाच म्हणजे बूड, आणि वरची नळी मध्ये चिरून दोन पाय. टाचेचा झोळ बुडाशी आल्यामुळे माकड आपोआप बसतं. दुसऱ्या मोज्याच्या नळीतून दोन हात निघतात, उरलेल्या पट्ट्यांतून शेपूट आणि कान, आणि टाच कापून चेहऱ्यावर लावली की तोंड. वाया जातं ते बोटभर कापड. ज्या कुणी ही बेतणी बसवली, तिला कापडाची किंमत ठाऊक होती. कंपनीनं छापली ती कृती मुळात अशा बायकांची होती. मोज्याच्या इतिहासात ली आणि नेल्सन यांची नावं आहेत, आणि ती असायलाच हवीत. टाचेला तोंड म्हणून पाहणाऱ्या डोळ्यांचं नाव मात्र त्यात नाही.

त्यानंतर आलं १९६७ साल. या सालाकडे मला मुद्दाम लक्ष वेधायचं आहे. त्या वर्षी दोन गोष्टी घडल्या, आणि त्यांचा परस्परांशी काही संबंध नव्हता. पहिली रॉकफर्डमधलीच. नेल्सन कंपनीनं टाच नसलेला मोजा आणला, नुसती सरळ नळी. टाच विणायची नसल्यामुळे यंत्र सुमारे ३० टक्के जास्त वेगानं मोजे काढू लागलं. ज्या टाचेनं माकडाला तोंड दिलं, ती टाच गावानं स्वतःच काढून टाकली!

दुसरी गोष्ट स्वयंपाकघरातली. दुसऱ्या महायुद्धात रडारसाठी मॅग्नेट्रॉन नावाची नळी वापरत. १९४० मध्ये बर्मिंगहॅममध्ये रँडल आणि बूट या दोन शास्त्रज्ञांनी तिचं प्रभावी रूप तयार केलं होतं. अमेरिकेत रेथिऑन कंपनीत पर्सी स्पेन्सर याच नळ्यांवर काम करत असे. शालेय शिक्षण अर्धवट सुटलेला, पण हातात कसब असलेला माणूस. नळीजवळ उभं असताना खिशातला खाऊ वितळला, हे त्याच्या लक्षात आलं, अशी गोष्ट प्रसिद्ध आहे. १९४५ मध्ये त्यानं पेटंटसाठी अर्ज केला. १९४७ मध्ये बाजारात आलेलं पहिलं यंत्र माणसाएवढं उंच आणि सुमारे ३४० किलो वजनाचं होतं. ते घरात कोण ठेवणार? पण १९६७ मध्ये अमाना कंपनीनं ओट्यावर बसेल असा मायक्रोवेव्ह ४९५ डॉलरला आणला, आणि ही पेटी घराघरांत शिरायला सुरुवात झाली.

मायक्रोवेव्हमध्ये आग नसते. त्यातल्या लहरी मुख्यतः पदार्थातल्या पाण्याच्या कणांना हलवतात आणि त्यातून उष्णता निर्माण होते. म्हणून आपली मिठाची पुरचुंडी तिथे फारशी उपयोगी नाही. कोरडं मीठ किंवा कोरडी वाळू तव्यावर सणसणीत तापते, पण मायक्रोवेव्हमध्ये नाही. धान्याचं तसं नाही. गहू, तांदूळ कितीही कोरडे वाटले तरी त्यांच्या दाण्यात साधारण दहा ते तेरा टक्के पाणी असतंच. ते पाणी तापतं, दाणा तापतो, आणि दाण्यांमधल्या पोकळ्यांमुळे ऊब सावकाश बाहेर येत राहते. टाच नसलेल्या लांब मोज्यात तांदूळ भरायचे, तोंडाला गाठ मारायची आणि पेटीत मिनिटभर ठेवायचं. अमेरिकेतल्या घरांत तांदळाचा मोजा ही शेकायची वस्तू अशी रुळली. १९९० च्या दशकात आणि त्यानंतर गहू आणि सुगंधी लव्हेंडर पोटात असलेले कापडी प्राणी दुकानांतही दिसू लागले. श्टाइफच्या अस्वलाला जे जमलं नव्हतं, ते जमलं. पोटातला डबा गेला होता, धान्य आलं होतं.

मी हे सगळं जवळून पाहिलं ते मुलीच्या बाळंतपणाच्या निमित्तानं. मुलगी शिकागोजवळ राहते. माझ्या वयाच्या कितीतरी मराठी आया तिकडे अशाच जातात, बॅगेत डिंक, हळीव, खारीक आणि ओवा घेऊन. तिथे पोचल्यावर पहिला पेच पडतो शेगडीचा. छताला धुराचा भोंगा. ओव्याची धुरी दिली की तो केकाटणार आणि सगळी इमारत खाली उतरणार. मग मुलीच्याच सुती मोज्यात तांदूळ आणि थोडा ओवा भरला, तोंड शिवलं, आणि अर्ध्या अर्ध्या मिनिटानं काढून, हाताच्या पाठीला लावून पाहत तो कोमट केला. तिच्या कंबरेला दिला. खोलीभर ओव्याचा वास पसरला. शेजारची अमेरिकन बाई आली होती, ती म्हणाली, माझी आजी पण मोज्यातच तांदूळ भरायची. दोघींच्या आज्यांची ओळख असण्याचं काही कारण नव्हतं. रॉकफर्ड तिथून दीडेकशे किलोमीटरवर. तिथल्या मिडवे व्हिलेज संग्रहालयात ही मोज्याची माकडं कौतुकानं जपून ठेवली आहेत. २००५ पासून तिथे माकडांचा उत्सवही भरू लागला. मोज्यांचा जुना धंदा १९९२ मध्ये आयोवा राज्यातल्या फॉक्स रिव्हर मिल्सकडे गेला, पण गावानं माकड सोडलं नाही.

आता शिवायचं कसं, ते सांगते. मोजा सुती किंवा लोकरी घ्या. माकडाचं अंग कधीच पेटीत जायचं नाही, जाते ती फक्त आतली पिशवी. ती पिशवी शंभर टक्के सुती कापडाची हवी. नायलॉन नको, चकचकीत जरी नको, धातूचं बटण किंवा साखळी तर मुळीच नको. वीतभर लांब आणि चार बोटं रुंद अशी पिशवी दुहेरी शिवणीनं शिवा, म्हणजे दाणे गळणार नाहीत. तिच्यात दोनशे-अडीचशे ग्रॅम गहू किंवा तांदूळ भरा. काठोकाठ भरू नका, दाण्यांना हलायला जागा हवी. मग माकडाच्या पाठीवर उभी चीर घ्या, आत कापडी कप्पा लावा आणि वरून पाकिटासारखी झाकणपट्टी शिवा. डोळ्यांना बटणं लावू नका, लहान मुलं ती ओढून तोंडात घालतात. काळ्या दोऱ्यानं डोळे भरा. आधी डोकं गच्च भरा, मग हातपाय सैलसर. गच्च भरलेलं माकड कुशीत घेता येत नाही.

आणि आता त्या हाताच्या पाठीकडे परत येते. कारण या गोष्टीत धोकाही आहे, आणि तो चुलीजवळ नव्हता. पुरचुंडी तापवणारी बाई तव्यापाशी उभी असायची. दाणा करपायला लागला की तिला वास यायचा. पेटी बंद असते, आणि आकडा दाबून माणूस दुसऱ्या कामाला जातं. दर वेळी तापताना दाण्यातलं थोडं पाणी उडून जातं. दाणा जितका सुका, तितका तो बेभरवशाचा होतो आणि कुठेतरी एका जागी आतल्या आत जळू शकतो. गरम पिशवी पांघरुणात दडपून ठेवली, तर उष्णता बाहेर न पडता साठत जाते. अशा पिशव्यांमुळे घरांत आगी लागल्या आहेत आणि माणसं भाजलीही आहेत. म्हणून ब्रिटनमध्ये २००४ साली या वस्तूंसाठी बीएस ८४३३ असं वेगळं मानक करावं लागलं.

म्हणून काही पथ्यं पाळा. एका वेळी अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त तापवू नका. बाहेर काढून पिशवी हातानं चोळा, कारण पेटीत ती सगळीकडे सारखी तापत नाही. मग हाताच्या पाठीला लावून पाहा. पूर्ण थंड झाल्याशिवाय पुन्हा तापवू नका. करपल्याचा वास आला तर धान्य टाकून द्या, आणि तसंही ते वर्षाकाठी बदला. तापवलेली पिशवी अंथरुणात ठेवून झोपू नका. मूल पेंगुळलं की ती काढून घ्या, माकड राहू द्या. तान्ह्या बाळाजवळ तर उबदार माकड नकोच, आणि झोपताना नुसतं मऊ खेळणंसुद्धा नको. मधुमेहानं ज्यांच्या पायांची संवेदना कमी झाली आहे, त्यांनाही असा शेक देऊ नका, त्यांना चटका कळत नाही. ज्यांच्या घरी मायक्रोवेव्ह नाही, त्यांनी वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. गहू कढईत कोमट करून नाडीच्या पिशवीत ओतले, तरी माकडाला काही फरक पडत नाही.

लीच्या यंत्रानं टाके वेगानं घेतले, नेल्सनच्या यंत्रानं टाच विणली, स्पेन्सरच्या पेटीनं आगीशिवाय ऊब दिली. प्रत्येक यंत्रानं घरातलं एक कष्टाचं काम हलकं केलं, आणि मी त्यासाठी मनापासून कृतज्ञ आहे. हातानं मोजे विणायचे दिवस परत यावेत असं मला वाटत नाही. पण यंत्रांनी दोन गोष्टी कधी दिल्या नाहीत. विरलेल्या टाचेत तोंड दिसणं, आणि किती ऊब पुरे हे कळणं. त्या दोन्ही गोष्टी हातानं हाताला दिल्या. आईनं मुलीला, आजीनं नातीला, शेजारणीनं शेजारणीला. त्यांची पेटंटं निघाली नाहीत, मानकं मात्र उशिरा का होईना करावी लागली, कारण मधे कुठेतरी ते देणं थांबलं होतं.

माझ्या वर्गात नव्या मुली येतात, तेव्हा पहिल्या आठवड्यात त्यांना मोजा आणायला सांगते, आणि शक्यतो विरलेलाच आणायला सांगते. मशीनवर बसण्याआधी सुईनं एक माकड पुरं करायचं. काहींचं तोंड वाकडं होतं, काहींच्या माकडाला एक हात लांब, एक आखूड. चालतं. त्यानंतर गव्हाची पिशवी तापवायची, आणि ती आपल्या नाही, शेजारी बसलेल्या मुलीच्या हाताच्या पाठीवर टेकवून विचारायचं: "चटका तर नाही ना बसत?"